मेढीजवळची ओल

बायनाच्या गळ्यात तिची सख्खी बहीण होती. बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक, त्यावर ठोकून काढलेली एक बाई, जोडलेले हात, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. बीडच्या ज्या सोनारानं तो घडवला त्यानं साखराला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं आपली नेहमीची बाई ठोकून दिली. पण वस्तीतल्या जाणत्या माणसांनी त्या टाकावर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, ही साखरा असं मोठ्यानं सांगितलं आणि त्या घटकेपासून ती साखरा झाली. लग्नात मंगळसूत्राच्या आधी तो टाक बायनाच्या गळ्यात पडला.

पहिली बायको मेलेल्या दादल्याशी लग्न केलं की पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत त्या मुलखात पाळण्यातल्या पोरीलाही सांगावी लागत नसे. नवं लुगडं आलं, आधी टाकाला लावायचं. बांगडी आली, आधी टाकाला. पहिलीचा मान पहिलीला. तो चुकला की ती रुसते, आणि रुसली की काय करते याच्या गोष्टी पाली गावाच्या आसपास घरटी दोनचार तरी निघाल्या असत्या. सवत ती सवतच, मेली म्हणून काय झालं, असं बाया म्हणायच्या. एवढ्या शहाण्या बाया, पण साखरा बायनाची सवत व्हायच्या आधी सोळा वर्षं तिची बहीण होती, हे एकीच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

त्या साली पावसानं दगा दिला आणि पाठोपाठ मानमोडी आली. ताप चढायचा, मान आणि कंबर मोडून यायची, छाती भरायची आणि पाचसहा दिवसांत धडधाकट माणूस तिरडीवर जायचं. पालीच्या वर, डोंगराच्या उतरणीला धनगरांची पंधरावीस घरं होती. दिवाळीच्या मागंपुढं त्या घरांतली अकरा माणसं गेली. साखरा त्यातलीच एक. तिची छबू तेव्हा सात महिन्यांची होती. बहिणीचं लेकरू सांभाळायला म्हणून बायना तेलगावहून आलेली होती आणि साखरा गेली तेव्हा तिच्या उशाशी बायनाच बसली होती.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. जे कुणाला ठाऊक नाही असं बायनाला वाटत होतं, ते पुढचं.

तापकऱ्याला पाणी द्यायचं नाही, हा त्या वस्तीचा पक्का नियम. तापात पाणी पाजलं तर ते छातीत उतरतं आणि माणूस हातचं जातं, हे आज्यापणज्यांपासून चालत आलेलं. साखराची सासू कडूबाई हिनं सुनेसाठी काही करायचं ठेवलं नव्हतं. काढे उकळले, कपाळावर मिऱ्यांचा लेप दिला, नवस बोलली. पण पाण्याच्या बाबतीत तिनं बायनाला बजावून सांगितलं होतं, की पाया पडली तरी थेंब देऊ नको. पाचव्या दिवशी दुपारी कडूबाई छबूला घेऊन बाहेर गेली होती. मेढीजवळ, म्हणजे घराच्या मधल्या लाकडी खांबाजवळ, घोंगडीवर साखरा पडली होती आणि बायना शेजारी हातानं तांब्या झाकून बसली होती.

"बायने, घोटभर," साखरा म्हणाली. बायनानं मान हलवली. साखरानं आणखी दोनदा मागितलं. मग मागायचं सोडलं, नुसती तांब्याकडं बघत राहिली, आणि थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले. तिला झोप लागली असं बायनाला वाटलं. आपण मन घट्ट केलं आणि पाणी दिलं नाही ते बरंच झालं, असंही वाटलं. कडूबाई परत आली, तिनं सुनेच्या नाकाजवळ बोटं धरली आणि हंबरडा फोडला, तोवर बायनाचा हात तांब्यावरच होता.

रडायला सवड मिळाली नाही. दहाव्यालाच दोन्हीकडची माणसं एका घोंगडीवर बसली आणि छबूला सावत्र आई आणण्यापेक्षा सख्खी मावशीच बरी, असं ठरलं. ठरवणाऱ्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. लेकराचा विचार त्यांनी केला, उभ्या राहिलेल्या संसाराचा केला. माघात लग्न लागलं. धुळाजी नवरा म्हणून वाईट नव्हता, नव्या बायकोकडं वर डोळे करून बघत नव्हता इतकंच. पाठवणीच्या वेळी बायनाच्या आईनं, जिनं साखराला नऊ महिने पोटात वाढवलं होतं त्या आईनं, पोरीच्या कानात सांगितलं की सवतीचं जपून कर बाई. त्या दिवसापासून साखराला बायनाची बहीण म्हणणारं माणूस उरलं नाही.

एकदा चुलीपुढं बायनाचे डोळे भरून आले, तर शेजारची गीताबाई नेमकी विस्तव मागायला आलेली. गीताबाईला दुसऱ्याच्या घरातलं जरा लवकर दिसायचं. तिनं बायनाला दरडावलं, की सवतीसाठी रडू नकोस, रडणं ऐकून ती येते, पुन्हा हाकलता येत नाही. बायनानं डोळे पुसले ते पुसलेच. मग तिला भीतीच तेवढी करता आली, आणि ती तिनं रात्रंदिवस केली.

पाणी पिताना ती आधी बोट बुडवून टाकाला ओलं करायची. रीतीत असं काही नव्हतं. रीत लुगड्याची, बांगडीची, सणाच्या घासाची. पाण्याची रीत बायनानं स्वतःच लावून घेतली होती, कारण साखरा कशासाठी तोंड उघडं ठेवून गेली ते तिला माहीत होतं. टाकाला बोट लावताना ती मनात घे म्हणायची. पुढं आक्का म्हणावं असं ओठांपर्यंत यायचं, पण ती तोंड मिटून घ्यायची. ज्या आक्कानं कडेवर घेऊन सगळं तेलगाव दाखवलं, त्या आक्काच्या नावानं तिच्या अंगावर काटा यायला लागला होता. ह्यापरीस वाईट काय असतं?

होळी झाली आणि धुळाजी मेंढरं घेऊन गंगथडीला गेला. डोंगरावर चारा नव्हता, पाणी नव्हतं, मृगाशिवाय तो परत येणार नव्हता. घरात कडूबाई, बायना आणि छबू राहिली. बिंदुसरेच्या कोरड्या पात्रात झिरे खणले होते, तिथं नंबर लावून वाटीवाटीनं घागर भरावी लागायची. सकाळी उजाडता गेलेली बायना उन्हं डोक्यावर आली की परतायची. भांडी राखेनं कोरडीच घासायची, तोंड ओंजळभर पाण्यात धुवायचं, तेच पाणी वाफ्यातल्या तुळशीला घालायचं. कडूबाई रांजणाजवळ पहारा द्यावा तशी वागायची. तांब्या सांडला तर दिवसभर बोलत राहायची.

अशा घरात चैत्राच्या एका दुपारी बायना घागर उतरवून आत आली आणि तिला मेढीच्या बुडाशी ओल दिसली.

हाताच्या पंजाएवढी ओल. सारवलेली जमीन तेवढीच काळी पडली होती. साखराचं डोकं जिथं होतं, बरोबर तिथंच. कडूबाई ओसरीवर छबूला मांडीवर घेऊन डुलक्या काढत होती. बायनानं तिला विचारलं, की आत पाणी कुणी सांडलं. कडूबाईचा चेहरा एकदम उतरला. मला काय ठावं, असं काहीतरी ती पुटपुटली आणि पोरीच्या अंगावरची माशी हाकलायला लागली. इतर वेळी थेंबासाठी घर डोक्यावर घेणारी सासू ओरडली नाही, हे बघून बायना आणखीच घाबरली. म्हणजे म्हातारीलाही कळलंय, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी पुन्हा ओल. मग रोज. सकाळी जमीन कोरडी असायची, बायना स्वतः हात लावून बघायची. दुपारी घागर घेऊन यावं तो ओल तयार. रांजणात खूण करून ठेवली तर पाणी तांब्याभर कमी झालेलं. साखरा पाणी प्यायला येते, याबद्दल बायनाच्या मनात काडीचाही संशय उरला नाही. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगायचं तर ती पाण्यासाठी का येते तेही सांगावं लागलं असतं. ती झिऱ्यावर एक घागर जास्तीची भरायला लागली. यायचीच असेल तर पोटभर पिऊन तरी जाऊ दे, असा तिचा हिशेब. दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेला घेऊन चढण चढताना तिची मान मोडून यायची आणि मान मोडली की मानमोडी आठवायची.

आणि मग ती बांगड्यांची चूक झाली.

कासारीण वस्तीवर आली होती. बाया जमल्या, हसणं झालं, गीताबाईनं बायनाचा हात पुढं ओढला. कासारणीनं बघता बघता चार हिरव्या बांगड्या मनगटात चढवल्या. त्या हसण्यात बायनाही घटकाभर हसली होती. सोळासतरा वर्षांची पोर, तिला हिरव्या बांगड्या आवडल्या यात नवल काय? पाचवी चढता चढता तिचं लक्ष गीताबाईकडं गेलं. गीताबाई तिच्या गळ्याकडं बघत होती. तेव्हा बायनाला आठवलं, की एकही बांगडी आधी टाकाला लावलेली नाही. तिनं घाईघाईनं मनगट गळ्याशी नेलं, बांगड्या टाकावर घासल्या. पण आधी घातल्या त्या घातल्याच. गीताबाई काही बोलली नाही आणि तिचं न बोलणं हे फारच वाईट लक्षण होतं.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला छबूचं अंग तापलं.

पुढचे दोन दिवस बायना जिवंत होती एवढंच. छबू आता चौदा महिन्यांची, भिंतीला धरून उभी राहणारी, मावशीलाच माय म्हणणारी. कडूबाईनं पहिल्याच रात्री सांगून टाकलं, की पाणी बंद. शेळीचं दूध पहिल्या दिवशी थोडं दिलं, ते उलटलं, मग दूधही बंद. गुळवेलीच्या काढ्याचं बोट तेवढं चाटवायचं. उन्हाळा असा की माळवदाच्या घरात भिंतीसुद्धा तापलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर छबूनं रडणं सोडलं. तिचे ओठ सालपटं निघाल्यासारखे झाले, टाळू खाली बसली. तिच्या खालचा धडपा, जुन्या लुगड्याचा तुकडा, सकाळपासून कोरडाच होता, हे बायनानं बघितलं. पोर कुणी दिसलं की त्याच्या हाताकडं बघायची.

बायनानं ते बघणं आधी एकदा पाहिलेलं होतं.

संध्याकाळी पालीहून भगत मुंजाजी आला. त्यानं तांदळाचे दाणे टाकले, मोजले, पुन्हा टाकले आणि सांगितलं, की लेकरात आईचा जीव अडकलाय, आई न्यायला आलीय. उद्या दुपारच्या आत धाकटीनं स्वतः पालीला येऊन अंगारा न्यावा, वाटेत कुणाशी बोलू नये. अंगारा लागला तर ती माघारी फिरेल. नाही लागला तर लेकराची आशा सोडा. जाताना त्यानं बायनाच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडं एकदा बघितलं. तो वस्तीवर यायच्या आधीच गीताबाई त्याच्या कानाशी पोचली होती, हे सांगायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर बायना निघाली. छबूला कडूबाईच्या मांडीवर देताना पोरीनं तिच्या पदराचं टोक धरलं, तेवढाही जोर हातात नव्हता म्हणून ते लगेच सुटलं. पाली काही लांब नाही. उतरण संपली की पात्र ओलांडायचं आणि पलीकडं दिसतंच. बायना अनवाणी भराभरा चालत होती. दोन बाया वाटेत भेटल्या, तिनं मान खाली घातली.

पात्राच्या मध्यावर, तापलेल्या वाळूत, ती एकदम थांबली.

ओल केव्हा पडते? ती घरात नसते तेव्हा. सकाळी कोरडी जमीन, बायना घराबाहेर पडली की मागं ओली होते. एवढे दिवस हे तिनं बघितलं होतं, पण असं समोर मांडलं नव्हतं. म्हणजे ती बाहेर गेली की साखरा येते. आणि आत्ता ती बाहेर होती. घरात डुलक्या काढणारी म्हातारी आणि मेढीजवळ टाकलेल्या घोंगडीवर छबू. न्यायला आली आहे असं भगत सांगतो, आणि आपण तिला मैदान मोकळं करून दिलं. समोर पालीच्या भिंती दिसत होत्या. तिथं अंगारा होता, तो घेऊन परतायला आणखी तासभर तरी लागला असता. बायना मागं वळली आणि धावत सुटली.

चढणीवर तिला धाप लागली, ठेच लागून अंगठा फुटला. गळ्यातला टाक उन्हानं तापून कातडीला चटका देत होता. पोचल्यावर काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. भुताशी कसं भांडायचं? एवढंच मनात होतं, की पाया पडावं, मला ने म्हणावं, पोरीला ठेव म्हणावं. वस्ती दुपारच्या उन्हात गप्प होती. घराचं दार लोटलेलं होतं.

दाराला हात लावणार तोच आतून बोलणं ऐकू आलं. बाईचा आवाज, अगदी हळू, लेकराला समजावतात तसा.

"पी माय, पी. पोटभर पी. आता कोन अडवीत न्हाई तुला."

बायनानं ओरडायला तोंड उघडलं पण आवाज फुटेना. पळून जावं असं पायांना वाटत होतं, आणि ते पळाले असते तर तिला कुणी दोष दिला नसता. पण आत छबू होती. तिनं डोळे घट्ट मिटले, खांद्यानं दार ढकललं आणि मग डोळे उघडले.

मेढीजवळ कडूबाई बसली होती.

तिच्या हातात तांब्या होता. ती तो कलता धरून थेंबथेंब पाणी जमिनीवर सोडत होती, जिथं साखराचं डोकं असायचं तिथं, आणि तोंडानं पी माय, पी म्हणत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान तिला नव्हतं. तिच्या शेजारी घोंगडीवर पालथी पडलेली छबू ओलीच्या दिशेनं सरकली होती. तिनं हात लांब करून बोटं त्या ओल्या मातीत खुपसली होती आणि ती बोटं चोखत होती. तोंडाभोवती सगळा चिखल. आजीचे डोळे भरलेले, तिला नात दिसतच नव्हती.

बायनानं पोरीला उचललं. तिची बोटं तोंडातून काढायला गेली तर पोरीनं दातांनी धरून ठेवली.

कडूबाईनं वर बघितलं. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. तांब्या तिनं लुगड्याआड घेतला, मग तेही नको वाटून पुन्हा बाहेर ठेवला.

"तिनं मलाबी मागितलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या आदी. चार दिस मागत होती. मी न्हाई दिलं. म्हनून तर त्या दुपारी लेकराला घिऊन भाईर गेलते मी. आयकवत नव्हतं मला."

बायना बघतच राहिली. एवढे महिने ती एकटीच त्या तांब्याजवळ बसली आहे असं तिला वाटत होतं. त्याच घरात, त्याच चुलीपुढं, दुसरं माणूस तेच ओझं घेऊन वावरत होतं आणि तिला पत्ता नव्हता. म्हातारीच्या ओरडण्याचं, रांजणावरच्या पहाऱ्याचं, सगळ्याचं कारण तिला एका दमात कळलं. स्वतःच्या वाटणीचं पाणी न पिता कडूबाई ते रोज मेलेल्या सुनेला घालत होती. तिचेही ओठ फुटलेले होते. बायनानं कधी बघितलेच नव्हते.

पण हे कळलं म्हणून भीती गेली असं नाही. उलट आता ती नेमक्या जागी येऊन बसली. छबूचं अंग विस्तवासारखं होतं आणि तांब्यात अजून पाणी होतं.

बायनानं धडप्याचं टोक फाडलं, त्याचा बोळा केला आणि तांब्यात बुडवला. आईवेगळी कोकरं वस्तीवर असंच जगवतात, तिचा हात त्या कामाला सरावलेला होता. कडूबाईनं तिचं मनगट धरलं. बांगड्या वाजल्या.

"मारशील पोरीला," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. जमिनीला पाणी पाजणारी ती म्हातारी नातीला थेंब द्यायला तयार नव्हती, कारण नात जगावी अशी तिची इच्छा होती.

"आक्काला न्हाई दिलं," बायना म्हणाली, "तरी मेलीच की ती, आत्याबाई."

कडूबाईचा हात मनगटावर तसाच राहिला, पण त्यातला जोर गेला. बायनानं बोळा उचलला. सवयीनं तो आधी टाकाकडं गेला. पहिलीचा मान पहिलीला. आत्ता तो चुकवला तर काय होईल हे भगतानं सांगितलं होतं, गीताबाईनं सांगितलं होतं, सख्ख्या आईनं सांगितलं होतं. तिचा हात हवेतच थांबला. छबूनं बोळ्याकडं बघून तोंड उघडलं. बायनानं बोळा सरळ पोरीच्या तोंडात दिला.

छबूनं तो चोखला. पुन्हा बुडवला, पुन्हा चोखला. घशात घुटका उतरल्याचा आवाज त्या घरात ऐकू आला आणि दोघी बायका श्वास रोखून त्या आवाजाकडं लक्ष देत राहिल्या. पाणी छातीत उतरेल, आता उतरेल, असं प्रत्येक घोटाला वाटत होतं. बायना मधेच पोरीच्या छातीला कान लावायची. काळीज धावत होतं, पण तिचं की पोरीचं ते कळेना. थोडा वेळ थांबायची, मग पुन्हा बोळा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारातून आत आलेलं ऊन चुलीपर्यंत सरकलं. कडूबाई उठली, रांजणातून आणखी एक तांब्या भरून आणला आणि बायनाच्या हाताशी ठेवला. पोर बायनाच्या मांडीवर डोळे मिटून पडली. झोपली होती की काय, हे विचारायची हिंमत दोघींतही नव्हती. साखराही अशीच झोपली होती.

कडूबाईनं बोटं पुढं केली, नातीच्या नाकाजवळ न्यायला, आणि मधेच मागं घेतली. "तू बग," ती म्हणाली. बायनानंही बघितलं नाही. दोघी एकमेकींकडं बघत बसून राहिल्या. एवढी भीती बायनाला भुताचीही वाटली नव्हती.

मग बायनाची मांडी गरम झाली. लुगड्यातून ओल झिरपली, गुडघ्यापर्यंत गेली. छबू मुतली होती. झोपेतच तिनं कूस बदलली आणि चिडून जराशी कुरकुरली.

बायना हसली की काय कोण जाणे, तिच्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला. "मुतली," ती कडूबाईला म्हणाली. "आत्याबाई, मुतली ओ पोरगी." कडूबाईनं ओल्या लुगड्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि पोरीच्या अंगावर वाकून बसली. छबूच्या मानेला, केसांच्या मुळाशी घाम फुटला होता. ताप उतरायला लागला होता.

आणि तेव्हा बायनाला रडू आलं. आधी हुंदका आला, तो तिनं सवयीनं दाबला. कडूबाईनं छबूला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि मोकळ्या हातानं तिच्या पाठीवर थाप मारली, एकदा, दोनदा.

"रड," ती म्हणाली. "रडलीस कुटं तू अजून."

बायना मेढीला मिठी मारून रडली. आक्का म्हणून रडली, मोठ्यानं, तेलगावपर्यंत ऐकू जावं अशी रडली. तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं ती त्या लाकडाला सांगत होती. कुणी येईल, कुणी ऐकेल, काय होईल, यातलं काही तिला आठवलं नाही.

वस्ती एवढीशी, त्यात दुपार टळत आलेली. रडणं ऐकून गीताबाई हातातलं काम टाकून धावली, तिच्यामागं आणखी चारपाच बाया. आजारी लेकराच्या घरातून असं रडणं म्हटल्यावर काय झालं असणार हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. गीताबाईनं तर दारात पाय ठेवतानाच पदर डोळ्याला लावला. आत बघते तर छबू आजीच्या कडेवर, डोळे उघडे, आजीची चोळी चिमटीत धरलेली. आणि सून मेढीला धरून ऊर बडवून घेते आहे. गीताबाई गोंधळली. तिनं सगळ्या घरावरून नजर फिरवली.

"कोन गेलं वो, कडूबाई?" तिनं विचारलं.

कडूबाईनं नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"हिची भैन गेली," ती म्हणाली.